रानातली वाट कुणाची? नागपूर परिसरात डांबर सोडण्याआधी आणि गाडी अडवली गेल्यानंतर

हिंगण्याच्या पुढे, कोंढाळीकडे, उमरेडच्या अलीकडे किंवा देवलापारच्या रस्त्याला, नागपुरातून कुठल्याही दिशेनं गेलं की तासा-दीड तासात डांबर संपतं आणि मुरमाची वाट सुरू होते. नवी फोर बाय फोर गाडी किंवा उंच सस्पेन्शनची मोटरसायकल घेतलेल्या माणसाला ती वाट बोलावते. पुढे कुणीतरी आडवं येतं आणि वादाची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्यानं होते: "ही तर सरकारी जमीन आहे, तुम्ही अडवणारे कोण?"

नवख्यांनी हे वाक्य आधी विसरावं. सरकारी जमिनीला प्रत्येक ठिकाणी एक सांभाळणारं खातं असतं, तिचा नेमलेला उपयोग असतो आणि बऱ्याचदा गावाचा तिच्यावर नोंदलेला हक्कही असतो. 'हौशी गाड्यांसाठी खुली जमीन' असा प्रकार आपल्या महसूल किंवा वन कायद्यात नाही. परदेशी व्हिडिओ पाहून हा गैरसमज वाढतो. अमेरिकेत मोठमोठ्या सार्वजनिक जमिनींवर गाड्या जातात हे खरं. पण तिथेही १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशानं गाड्यांसाठी वाटा ठरवून देणं खात्यांवर बंधनकारक झालं आणि २००५ पासून तिथल्या राष्ट्रीय वनांत नकाशात दाखवलेल्या वाटांवरच गाडी चालते. आपल्याकडे असा नकाशाच नाही. म्हणून तो प्रत्येक सहलीआधी आपला आपण तयार करावा लागतो, आणि वाद झाला तर तोच कामी येतो.

आधी जमीन ओळखा

हे काम सहलीच्या किमान आठ-दहा दिवस आधी घरी बसून करायचं. संगणक असेल तर उत्तम, मोबाइलवर डोळे शिणतात.

१. उपग्रह नकाशावर जायची वाट आखा. डांबर सुटतं ती जागा, प्रत्येक फाटा, नाला ओलांडायची जागा आणि शेवट यांचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या.

२. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची नकाशा-शीट पाहा. जुन्या क्रमांकानुसार नागपूर शहर आणि रामटेककडचा भाग ५५ ओ मध्ये, काटोल-कोंढाळीचा बराचसा भाग ५५ के मध्ये, उमरेडचा ५५ पी मध्ये येतो. शीटवर हद्दीच्या आत 'आरएफ' असेल तर राखीव वन, 'पीएफ' असेल तर संरक्षित वन. पक्का रस्ता, गाडीवाट आणि पायवाट यांच्या खुणा वेगळ्या असतात. त्या अंदाजानं वाचू नका, कोपऱ्यातली सूची उघडून ताडून पाहा.

३. आता 'महाभूनकाशा' संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून वाट ज्या तुकड्यांवरून जाते त्यांचे क्रमांक टिपा. नागपूर भागात हे बहुधा खसरा क्रमांक म्हणून ओळखले जातात. पुढच्या प्रत्येक अर्जात मौजा (महसुली गाव), पटवारी हलका नंबर (प.ह.नं., म्हणजे तलाठ्याच्या क्षेत्राचा क्रमांक) आणि खसरा क्रमांक ही तिन्ही लागतात. 'हिंगण्याजवळचं जंगल' असं लिहिलेला अर्ज कुणीही वाचत नाही.

४. त्या क्रमांकांचे सातबारा पाहा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो आणि तो दाखवायला चालतो. भोगवटादाराच्या जागी माणसाचं नाव असेल तर जमीन खासगी. 'सरकार', 'झुडपी जंगल', 'गुरचरण', 'वनविभाग', 'पाटबंधारे' असं काही असेल तर ते शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. 'इतर अधिकार' हा रकाना सगळेच वगळतात. वाटेचा हक्क, वनाची नोंद, न्यायालयाचा मनाई हुकूम, बऱ्याच गोष्टी तिथेच सापडतात.

५. गावाचा जुना नकाशा तलाठी कार्यालयात किंवा भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात पाहायला मिळतो. गावातले लोक तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात. शासनानं पदाचं नाव बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' केलं असलं तरी विचारताना पटवारी म्हटलेलं सगळ्यांना कळतं. नकाशात पांधण (शेतांमधली गाडीवाट, पाणंद) दाखवलेली आहे की पायवाट, हे तिथे स्पष्ट होतं.

इथे एक चूक वारंवार होते. संकेतस्थळावरची हद्द आणि उपग्रह चित्र एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, काही मीटर सरकलेले असतात. वाट दोन तुकड्यांच्या सीमेवरून जात असेल तर दोन्हींचे उतारे काढा. मोबाइलवरची निळी टिकली दाखवून शेतकऱ्याला त्याचा धुरा (बांध) कुठे आहे ते सांगायला जाऊ नका. हद्दीचा निर्णय सरकारी मोजणीतच होतो.

निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज

विदर्भातल्या गावांना एक जुनी देणगी आहे आणि ती नवख्यांना ठाऊक नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ प्रमाणे गावातल्या बिनभोगवट्याच्या जमिनीचा वापर कसा व्हावा याचं निस्तार पत्रक असतं: चराई कुठे, सरपण कुठून, ढोरांना पाण्याची वाट कोणती. कलम १६५ प्रमाणे वाजिब-उल-अर्ज असतो, त्यात वहिवाटीच्या वाटा, सिंचन, मासेमारी यांच्या रूढी नोंदलेल्या असतात.

ही दोन्ही कागदपत्रं मागून पाहाच, कारण त्यांतून दोन गोष्टी कळतात. एक, आपल्याला हवी असलेली वाट सगळ्यांच्या वहिवाटीची म्हणून नोंदलेली आहे का. दोन, ती वाट कशासाठी आहे. ढोरांच्या पाण्याच्या वाटेवर सकाळी आठ वाजता सहा गाड्या उभ्या केल्या तर गुराखी चिडणारच, आणि कागद त्याच्या बाजूनं बोलेल.

झुडपी जंगल: सगळ्यात जास्त फसवणारी जमीन

खुरटी झाडं, मधून मधून उघडा मुरूम, ना कुंपण ना पाटी. पाहणाऱ्याला ही पडीक जागा वाटते आणि गाडीसाठी याहून चांगलं मैदान दिसत नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरात ही जमीन 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेली आहे. ती महसूलची की वनाची, हा घोळ कैक वर्षं चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की १२ डिसेंबर १९९६ च्या आपल्याच आदेशानुसार झुडपी जंगल ही वनजमीनच आहे. तीन हेक्टरपेक्षा लहान आणि कुठल्याही वनाला लागून नसलेले सुटे तुकडेसुद्धा संरक्षित वन म्हणून घोषित करावेत, असं त्यात सांगितलं आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की वनेतर कामासाठी ही जमीन वळवायची तर वन संवर्धनाच्या १९८० च्या कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. सरपंचानं 'जा, काही होत नाही' म्हटलं तरी ती परवानगी होत नाही. तहसीलदारांचं जुनं पत्र कुणी दाखवलं तर त्याची तारीख पाहा आणि वनविभागाकडून नव्यानं विचारून घ्या. सातबाऱ्यावर हा शब्द दिसला की अर्जाचा पत्ता बदलतो, हे लक्षात ठेवलं तरी निम्मे वाद टळतात.

बाकीच्या जमिनी

राखीव वनात भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे विनापरवाना शिरणं हाच गुन्हा आहे. झाड तोडलं नाही, कचरा केला नाही, हा बचाव चालत नाही. संरक्षित वनाला कलम ३२ खालचे नियम लागतात. वनविकास महामंडळाची रोपवनं वेगळी असतात. तिथे चर खणलेला दिसला तर तो गुरं आणि गाड्या बाहेर ठेवण्यासाठीच असतो, फळी टाकून ओलांडण्यासाठी नव्हे.

अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प यांच्याबाबत चर्चेला जागाच नाही. पेंच, बोर, मानसिंगदेव, उमरेड-पवनी-कऱ्हांडला इथे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम २७ प्रवेशच मर्यादित करतं. ठरलेल्या फाटकातून, ठरलेल्या वेळी, नोंदलेल्या गाडीनं आणि गाइडबरोबरच आत जायचं. गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली गाडी कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता ठरू शकते. परवानगी असलेल्या गाड्यांनाही इथे सूट नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडलातल्या गोठणगाव भागात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, तेव्हा चालक-गाइडवर कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली.

तलाव आणि धरणांचे उघडे पडलेले काठ उन्हाळ्यात फार मोहक दिसतात. वडगाव, खिंडसी, वेणा, मकरधोकडा, कुठेही पाणी मागे सरलं की सपाट गाळ उघडा पडतो. ती जलसंपदा खात्याची बुडीत जमीन असते आणि त्यातला बराच भाग गाळपेर म्हणून एका हंगामासाठी कसायला दिलेला असतो. काठावर टरबूज, काकडी, भाजीचे वेल असतात. लांबून फक्त कोरडी माती दिसते. शिवाय वरची पापडी वाळलेली आणि खाली ढोपरभर गाळ, अशी स्थिती असते. दोन टनांची गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि ट्रॅक्टर वेलांवरूनच येतो. काठापासून लांब, मुरमाच्या रेषेवरच राहा.

कोळसा खाणींचे मातीचे ढिगारे म्हणजे ओबी डंप उमरेड, गोंडेगाव, सावनेरकडे उंच टेकड्यांसारखे उभे आहेत. मनसर, कांद्री, गुमगावकडे मँगनीजच्या खाणी आहेत. या जागा खाण व्यवस्थापकाच्या ताब्यात असतात आणि तिथे जायचंच नाही. सैल टाकलेली माती आतून पोकळ असते, कड चाकाखाली निसटते आणि पावसानंतर अख्खा उतार सरकतो. कामठी छावणी, वायुसेनेचा परिसर, आयुधनिर्माणीची हद्द इथेही वाट शोधू नका, आणि ड्रोन तर पिशवीतूनही काढू नका.

सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव असेल तर वनविभागाइतकीच ग्रामसभा महत्त्वाची. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं सामूहिक वनसंपत्तीत कुणी यावं याचं नियमन करण्याचा आणि वन्यजीवांना, वनाला बाधक कृती थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. गावकऱ्यांनी बांबू आडवा टाकून अडवलं तर तो बेकायदा अडथळाच असेल असं धरून चालू नका. ठरावाची प्रत नम्रपणे मागा.

वाटेला नंबर आहे का?

सगळीच वाट बंद असते असंही नाही, आणि आपली बाजू भक्कम होते ती इथे. प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग यांना क्रमांक असतात. सरकारी फलकांवर आणि कागदांवर ते प्रजिमा, इजिमा, ग्रामा असे लिहिलेले दिसतात. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात ग्रामीण रस्त्यांची नोंद असते. आपली कच्ची वाट त्यात असेल तर तो सार्वजनिक रस्ता आहे, मग त्यावर डांबर असो वा नसो.

असा रस्ता राखीव वनातून जात असेल आणि साखळी लावलेली असेल तर वन अधिनियमाचं कलम २५ वाचा. राखीव वनातली सार्वजनिक किंवा खासगी वाट वनाधिकारी बंद करू शकतो, पण त्याला राज्य शासनाची किंवा शासनानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते आणि सोयीची पर्यायी वाट असावी किंवा दिलेली असावी लागते. म्हणजे मागायचा कागद नेमका कोणता ते ठरलं: वाट बंद केल्याचा आदेश आणि पर्यायी वाटेचा तपशील. मात्र क्रमांकाचा रस्ता खुला आहे म्हणून दोन्ही बाजूंचं रान खुलं होत नाही. चाक रस्त्याच्या कडेबाहेर गेलं की पुन्हा कलम २६.

शेतकऱ्यांसाठी असलेली कलमं आपल्यासाठी आहेत अशी चूक करू नका. महसूल संहितेचं कलम १४३ धुऱ्यावरून शेतात जायची वाट देतं, ते शेतकऱ्याला. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ वहिवाटीतला अडथळा काढतं आणि तो दावा सहा महिन्यांत करायचा असतो, तोही त्या वाटेवर ज्याची शेती-वहिवाट अवलंबून आहे त्यानं. हौसेनं फिरणाऱ्याला तहसीलदारांपुढे यातलं काही मिळत नाही. गावातल्या शेतकऱ्यांचीच पांधण कुणी अडवली असेल तर त्यांच्या अर्जाला साथ द्या. ती खुली झाली की रस्ता सगळ्यांनाच मिळतो.

परवानगीचा अर्ज

वनजमीन असेल तर अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावे, प्रत वनक्षेत्रपालांना. अभयारण्य असेल तर वन्यजीव विभागाकडे. तलाव असेल तर जलसंपदाच्या उपविभागीय अभियंत्यांकडे. गुरचरण असेल तर ग्रामपंचायत आणि तहसीलदार दोघांकडे. सहलीच्या किमान २१ दिवस आधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला अंगठा म्हणजे परवानगी नव्हे.

मजकूर एवढा पुरतो:

"मौजा ____, प.ह.नं. ____, तालुका ____, जिल्हा नागपूर येथील खसरा क्र. ____ मधून जाणाऱ्या विद्यमान कच्च्या वाटेवरून दि. ____ रोजी सकाळी ७ ते दुपारी १ या वेळेत ५ वाहनांना (क्रमांक सोबत) ये-जा करण्याची परवानगी मिळावी. स्पर्धा, वेगचाचणी, मुक्काम, स्वयंपाक, शेकोटी, ध्वनिक्षेपक व ड्रोन असणार नाही. वाटेबाहेर वाहन नेले जाणार नाही. झालेल्या नुकसानीची जबाबदारी अर्जदार घेत आहे. सोबत: नकाशा, सातबारा उतारे, वाहनांची नोंदणी, विमा व पीयूसी, चालकांचे परवाने."

'विद्यमान वाट' हे दोन शब्द वगळू नका. नवी वाट पाडायची शंका आली की अर्ज तिथेच अडतो. वाहनांची संख्याही पाचपर्यंतच ठेवावी असं आमचं ठाम मत आहे. पंधरा गाड्यांची रांग असेल तर वनरक्षकाच्या नजरेत तो मेळावा होतो, आणि अडकलेली एक गाडी काढायला बाकीच्या चौदा वाटेबाहेर उतरतात.

वेळ लावून शर्यत घेण्याचा विचार असेल तर प्रकरणच वेगळं. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक जागी शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यत किंवा वेगचाचणी हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे अपघाताचा खर्च खिशातून. मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या राष्ट्रीय महासंघाची, एफएमएससीआयची, मान्यता वेगळी लागते.

हंगाम

जून ते सप्टेंबर काळ्या मातीच्या पांधणीवर जाऊच नका. ओली काळी माती चाकाला चिकटून येते, वीतभर खोल चाकोरी पडते आणि ऊन लागलं की ती दगडासारखी घट्ट होते. पुढचे सहा महिने त्या चाकोरीतून शेतकऱ्याचा बैल आणि बंडी जाते, आणि बैलाचा पाय मुरगळला की गाव कायमचं विरोधात जातं. साधी परीक्षा: मूठभर माती दाबा. गोळा होऊन तुटत नसेल तर परत फिरा. मुरूम एक-दोन दिवसांत सुकतो, काळ्या मातीला आठवडाही पुरत नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबर सोयाबीन, कापूस निघतो आणि पांधणी मालानं भरलेल्या असतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा आगीचा हंगाम. वाळलेल्या गवतावर तापलेला सायलेन्सर टेकला की पुरे. मार्च-एप्रिलात मोहफूल आणि पुढे तेंदूपत्ता यांसाठी बायाबापड्या पहाटेच रानात असतात, वाकून वेचत असताना त्या झुडपाआड दिसत नाहीत. राहिला जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य. तेवढाच काळ मागा, परवानगीही त्यातच मिळण्यासारखी असते.

गाडीची तयारी, वाद टाळण्याच्या दृष्टीनं

सायलेन्सर कंपनीचाच ठेवा. आवाजाच्या उल्लंघनासाठी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना निलंबन आहेच, पण खरं नुकसान असं की गावाची पहिली तक्रार आवाजाचीच असते.

मुरूम-वाळूवर टायरची हवा ३०–३२ वरून २०–२२ पीएसआयवर आणा, १५ च्या खाली नको. हवा कमी असली की चाक पसरून पकड घेतं, घसरून खड्डा खणत नाही. डांबरावर येताच कॉम्प्रेसरनं पुन्हा भरा.

विंचची (अडकलेली गाडी ओढून काढायच्या यंत्राची) दोरी थेट झाडाला बांधली की साल सोलली जाते, आणि वनात तो वेगळा गुन्हा. किमान ७५ मिलिमीटर रुंदीचा पट्टा वापरा. घरून निघतानाच गाडीचा तळ धुवा, गाजरगवताचं बी चिखलाबरोबर गावोगाव जातं.

काटोल-कळमेश्वरच्या संत्र्याच्या पट्ट्यात जाणार असाल तर १६ मिलिमीटरचे ठिबकचे आठ-दहा जॉइनर, कटर आणि बांधायची तार जवळ ठेवा. वाटेवर आलेली ठिबकची नळी चाकाखाली फुटली तर तिथल्या तिथे जोडून देता येते, आणि पाचशेचं भांडण पाच रुपयांत मिटतं. कुंपणाच्या तारेला हात लावू नका, झटका मशीन चालू असतं. अंधारात तर शेतांतून जाऊच नका. रानडुकरांसाठी थेट वीज सोडलेल्या बेकायदा तारा काही ठिकाणी असतात आणि त्यांनी माणसं मेली आहेत.

अडवलं गेलं तर

इंजिन बंद. गॉगल, हेल्मेट उतरवा. एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी गाडीतच बसायचं. मोबाइल छातीशी धरून चित्रीकरण सुरू करणं हा वाद पेटवायचा हमखास मार्ग आहे. नोंद हवीच असेल तर डॅशकॅम आधीपासून चालू असू द्या.

शेतकरी असेल तर: "राम राम काका. आम्ही नागपूरहून आलो. ही पांधण समजून आलो, तुमच्या वावरातून जाते का? चुकलं असेल तर आलो तसे मागं फिरतो." बहुतेक वेळा काकाच पुढची वाट दाखवतात. नुकसान झालं असेल तर ते मोजा: किती झाडं, किती नळी, किती धुरा. पोलीस पाटील किंवा सरपंचांना बोलवा, रक्कम ठरवा, यूपीआयनं द्या आणि कागदावर दोन ओळी घ्या: 'दि. ____ रोजी झालेल्या नुकसानीपोटी रु. ____ मिळाले, तक्रार नाही.' तो 'निघा' म्हणाल्यावरही थांबलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हेगारी अतिक्रमणाची तक्रार होऊ शकते. दुसरीकडे, नंबर असलेल्या सार्वजनिक रस्त्यावर कुणी कोंडून ठेवून पैसे मागत असेल तर ११२ ला फोन करा. तिथेही हमरीतुमरी नको.

वनरक्षक असेल तर परवानगीची प्रत दाखवा. नसेल तर कबूल करा. बीटचं (वनरक्षकाच्या क्षेत्राचं) नाव, वनाचा कक्ष क्रमांक आणि त्यांचं नाव-पद विचारून लिहून घ्या. ते पीओआर म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवाल फाडू शकतात. कोऱ्या कागदावर सही करू नका, पंचनामा वाचूनच करा आणि प्रत मागा. काही गुन्हे वन अधिनियमाच्या कलम ६८ खाली रक्कम भरून मिटवता येतात. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका, आणि ही रक्कम भरणं गुन्हा मान्य केल्यासारखं धरलं जाऊ शकतं हे समजून घेऊनच भरा. काही खटकत असेल तर वकिलाला विचारायला एक दिवस मागा.

एक धोका फारसा कुणी सांगत नाही. वनातला दगड, वाळलेलं लाकूड, मोहाची फुलं हे सगळं कायद्यानं वनोपज आहे. चहासाठी उचललेली चार काटकं गाडीत सापडली की नुसत्या प्रवेशाचं प्रकरण वनोपजाच्या गुन्ह्यात जातं, आणि कलम ५२ ची जप्ती त्याच गुन्ह्यांसाठी आहे. गाडीत जळण, दगड, शिंग, पीस, काहीही घालू नका. चहा घरून थर्मासमध्ये आणा.

वाट बंद झाली तर कागदावर लढा

पहिला माहिती अधिकाराचा अर्ज वनविभागाला, दुसरा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांत. 'वाट का बंद केली?' असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. कागद मागा: संबंधित खसऱ्याची वन अधिसूचना, वाट बंद करण्याचा आदेश क्रमांक व तारखेसह, त्यासाठीची पूर्वमान्यता, पर्यायी वाटेचा नकाशा. बांधकाम विभागाकडे रस्त्यांच्या नोंदवहीचा संबंधित उतारा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे.

उत्तर आपल्या विरोधात असेल, म्हणजे अधिसूचना पक्की आणि वाट कुठेच नोंदलेली नसेल, तर तिथेच थांबा आणि दुसरी वाट शोधा. उत्तर आपल्या बाजूनं असेल तर उपवनसंरक्षकांना, मग मुख्य वनसंरक्षकांना कागदांसह निवेदन द्या. सार्वजनिक रस्त्यावर खासगी अतिक्रमण असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली ग्रामपंचायतीकडे, ती हलली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. महसुली आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत साधारण ६० दिवस असते, आदेशाची प्रत मिळालेली तारीख पाकिटावर लिहून ठेवा. शेवटचा मार्ग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका. ती गावातल्या वहिवाटदारांसह केली तर ऐकली जाण्याची शक्यता जास्त, कारण नुसत्या हौसेच्या हक्काला न्यायालयात फारसा आधार नाही.

परवानगी मिळून सहल पार पडली की आठ दिवसांत वनक्षेत्रपालांना एक पानाचा अहवाल द्या: किती गाड्या गेल्या, किती वाजता बाहेर आलो, वाटेचे जातानाचे आणि येतानाचे त्याच जागेवरून काढलेले फोटो, उचललेला कचरा, पडलेलं झाड किंवा आग दिसली असेल तर तिची जागा. त्यावरही आवक शिक्का घ्या आणि पुढच्या वर्षीच्या अर्जाला तीच प्रत जोडा. वाटेचा जीपीएस मार्ग मात्र कुठेही टाकू नका. परवानगी पाच गाड्यांना होती, आणि त्या मार्गावर पुढच्या रविवारी येणाऱ्या पन्नास जणांकडे ती नसते.